वहिनींचा तपासणी नाका

संगणकाची एक मोफत प्रणाली तयार करणाऱ्या मंडळींत वहिनींचा एक दंडक होता. प्रणालीची अख्खी तबकडी एकाच फाइलमध्ये बांधली, म्हणजेच इमेज केली, आणि ती सर्व्हरवर चढवली, की परक्या माणसाने घ्यावी तशी पुन्हा उतरवून घ्यायची, कोऱ्या तबकडीवर लिहायची आणि जुन्या संगणकावर बसवून पाहायची. मगच जाहीर करायची. धाकटा दीर याला ‘वहिनींचा तपासणी नाका’ म्हणे.

यंदा नवी आवृत्ती चढवून जाहीर करण्याचे काम प्रथमच त्याच्याकडे आले होते. ते निर्विघ्न पार पडले, तरच पुढच्या आवृत्त्या त्याच्या हाती सोपवल्या जाणार होत्या. इमेज चढताच घोषणा करायला त्याचे हात शिवशिवू लागले.

“वहिनी, लोक ताटकळलेत. मी घरी बसवून पाहिली, मगच चढवली.”

“भाऊजी, आपल्या हातचं आपल्याला गोडच लागतं. उतरवा.”

त्याने उतरवली. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी बदलणारा तो चेकसमचा आकडा सर्व्हरवरच्या आकड्याशी ताडून पाहिला.

“तंतोतंत जुळला! आता तरी सोडा!”

“तबकडी लिहा.”

जेवणाच्या टेबलावरचा जुना संगणक कुरकुरत सुरू झाला. निम्मे काम झाले आणि पडद्यावर अक्षरे उमटली: फाइल वाचता येत नाही. दुसरी तबकडीही तिथेच अडली. दिराचा चेहरा पडला.

“पण आकडा जुळतोय!”

“सर्व्हरवरचा तो आकडा काढलात कुठे?”

“तिथेच. चढवून झालेल्या फाइलवरून.”

“म्हणजे चोरालाच साक्षीदार केलंत!” वहिनी हसल्या. “चढवताना मध्ये लाइन तुटली होती का?”

तुटली होती, त्याने चढवणे तिथूनच पुढे चालू केले होते. त्याने घरच्या मूळ इमेजचा आकडा काढला. तो निराळाच निघाला. बिघडलेली फाइल इतका वेळ स्वतःचीच ग्वाही देत होती.

“बारीक लाइनवरचा माणूस दिवसभर ही एकच फाइल ओढत बसतो,” वहिनी म्हणाल्या. “त्याचा दिवस आपण मातीत घालायचा?”

ज्याला तो इतकी वर्षे हट्ट समजत आला, ती कधीही न पाहिलेल्या माणसांची काळजी होती. त्यांच्यापैकी कुणालाच वहिनींचे नावही ठाऊक नसणार, हे त्याच्या मनात आले आणि तो वरमला.

त्याने इमेज नव्याने चढवली. या वेळी सर्व्हरचा आकडा घरच्या आकड्याशी जुळला.

“आता करा जाहीर,” वहिनी उठल्या. “मी चहा टाकते.”

“अंहं, बसा वहिनी.” त्याने इमेज उतरवायला लावली आणि कोरी तबकडी पुढे ओढली. “नाक्यावरून गाडी अजून सुटलेली नाही.”