कप्तानाचा लिफाफा

आजारी माणसाची वाट बघत दवाखान्यात बसायचं नाही, धडधाकट माणसाच्या दारात जायचं, असं स्लोव्हेनियाच्या सरकारनं ठरवलं, तेव्हापासून पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाला टपालानं लिफाफा येऊ लागला. आत आतड्याच्या तपासणीसाठी दोन नळ्या. शौचाचा नमुना भरून परत टपालात द्यायचा, बस्स.

सासऱ्यांचा लिफाफा नेझाला सरपणाच्या पेटीत सापडला. कडेवरच्या लेकाला, उर्बानला, तिनं घट्ट धरलं. चुलत सासरे आतड्याच्या कर्करोगानं गेले होते. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. तेव्हापासून सासरे बारीक होत नाहीत ना, हे बघायला ती त्यांच्या पट्ट्याची भोकं गुपचूप मोजायची.

"बाबा, हा अजून इथंच?"

"मला काय धाड भरलीय? दुखलं की जाईन," लोव्रेन्स गुरगुरले. "आणि हे झोफकाच्या हातात देऊ? उद्या गाव विचारेल, कप्तान, माल पोचला का?"

झोफका गावची टपालवाली. लोव्रेन्स गावच्या अग्निशामक दलाचे कप्तान. दर ऑक्टोबरात ते घरोघरची धुराडी तपासायचे. एकवीस वर्षांत गावात धुराड्यापायी एक घर पेटलं नव्हतं.

शनिवारी ते मार्जेता म्हातारीकडे निघाले. उर्बानला फिरवायला नेझाही बाबागाडी घेऊन सोबत गेली.

म्हातारीनं दारच अडवलं. "माझं धुराडं ठणठणीत आहे. धूर कोंडला की बोलावीन. उगाच माझी काजळी गावभर कशाला?"

"धूर कोंडेपर्यंत घर राहील का मावशी?" लोव्रेन्स कडाडले. "बाहेरून दिसत नाही म्हणूनच तर..."

बोलता बोलता त्यांची नजर मागं गेली. नेझा उर्बानचं टोपडं सारखं करत होती. कप्तानांचे कान मात्र लालबुंद झाले.

"बरं, बघ," म्हातारी म्हणाली. "पण बूट पुसून ये."

अर्धी बादली काजळी निघाली.

सोमवारी लोव्रेन्स पितळी बटणांचा गणवेश चढवून चौकात उभे राहिले. झोफकानं गाडी थांबवली.

"आज संचलन की काय, दादा?"

"हा लिफाफा घे. कुणी विचारलं तर मोठ्यानं सांग."

"तुमचा राहिलाच होता. आमचे हे तर कधीच मोकळे झाले!"

नमुन्यात रक्ताचा अंश सापडला, आणि पुढच्या तपासणीत आतड्यात दोन गाठी निघाल्या. अजून साध्याच होत्या, त्याच दिवशी काढून टाकल्या. आणखी काही वर्षांनी त्यांचं नाव वेगळं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मे महिन्यात आगीपासून राखणाऱ्या संत फ्लोरियानचा दिवस आला. मिरवणुकीआधी कप्तानांनी दलाला रांगेत उभं केलं.

"पाइप?"

"तपासले!"

"शिड्या?"

"तपासल्या!"

"लिफाफे? पन्नाशीवरच्यांपैकी ज्यांनी पाठवले, त्यांनी हात वर!"

पन्नाशीवरच्या तेरा जणांत बारा हात वर गेले. तेरावा लुडविक चुळबुळला.

"जा घरी, भरून आण. मिरवणूक थांबेल."

"कप्तान, ते काय हुकमावर होतं का?"

रांग हसून हसून वाकली. "मग उद्या सकाळी झोफकाच्या हातात," कप्तानांनी बजावलं आणि झेंडा उचलला.

पुढच्या ओळीत ताठ चालणाऱ्या सासऱ्यांकडे बघताना नेझाचा ऊर भरून आला. "बघ, तुझे आजोबा," ती उर्बानला म्हणाली. पट्ट्याकडे तिचं लक्षही गेलं नाही.