नाशकात आपलं कोण?

"इकरं कोन हाय?" बाबांनी भिंतीवरच्या नकाशात वसईवर बोट ठेवलं.

"सर, वहाँ हॉटेल मॅनेजमेंट है. फॅकल्टी एकदम बढ़िया!" टेबलामागचा मुलगा उत्साहाने म्हणाला.

"तुमची फॅकल्टी ऱ्हाव दे रं. आपला कोन हाय?"

उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या विद्यापीठाच्या थंडगार ऑफिसात आम्ही सगळे उन्नतीच्या प्रवेशासाठी आलो होतो. उन्नती माझी नणंद, नुकतीच बारावी झालेली. शिकून लगेच नोकरी, असं हे विद्यापीठ. त्याचे कॅम्पस चार गावांत, आणि प्रत्येक ठिकाणी कोर्स वेगळे. उन्नतीला एक्स-रे, सीटी स्कॅनचं शिकायचं होतं. ते फक्त नाशिकला होतं. बाबा, म्हणजे माझे सासरे, मात्र सोयऱ्यांवरून कॅम्पस निवडत होते. आमच्या पालेगावच्या घरातली लेक परगावी रात्र काढते ती सोयऱ्यांच्याच घरी. मग लग्न असो की परीक्षा.

वसईचे साडू वारले होते. बोट सरकत सरकत पनवेलवर आलं आणि बाबांचा चेहरा उजळला. "इकरं आपली सखू हाय!"

सखूआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिथल्या कॅम्पसमध्ये होतं रिटेल मॅनेजमेंट. दुकानं, मॉल चालवण्याचं शिक्षण.

"बाबा, मला नाशिकचं पायजे," उन्नती म्हणाली.

"तिकरं आपला कोन?"

"होस्टेल आहे ना. वॉर्डन असते."

"वॉर्डन काय तुजी मावशी लागते?"

अल्पेश, माझा नवरा, फस्सकन हसला. मी त्याला कोपर मारलं. "हसतोस काय? बोल ना तिच्या बाजूने."

"अगं, पण रात्री-बेरात्री आजारी पडली तर?" तो पुटपुटला. "धावणार कोण?"

भीती मलाही होतीच. चिमीला, माझ्या तीन वर्षांच्या लेकीला, शेजारी खेळायला सोडलं तरी मी दारात उभी असते. मघाशी होस्टेलचे फोटो दाखवले तेव्हाही मी गॅलरीचा कठडाच बघत होते. पण उन्नतीने माझ्याकडे पाहिलं, आणि मला राहवेना.

"बाबा, पहिला महिना मी जाऊन राहते तिच्याजवळ. चिमीला घेऊन. खोली बघू भाड्याने."

"तू?" बाबा खरंच चकित झाले. "तुजा तरी कोन हाय तिकरं?"

माझं माहेर बदलापूरचं. नाशकात माझंही कुणी नव्हतं.

तोवर त्यांनी आत्याला फोन लावला होता, स्पीकरवर. आत्या तिकडून ओरडूनच बोलत होती. "दे धाडून, दादा! इचारतंस काय? माजी सासू पडून हाय, तिला उठवाया-बसवाया मना एकलीला जमत नाय. पोरगी कालेजातशी आली का जरा म्हातारीला बघंल. माजा पन हात हलका होल."

"बघ," बाबा उन्नतीला म्हणाले, "कवरी मायेनं बोलवतं!"

त्यांना त्या बोलण्यात माया तेवढी ऐकू आली होती. उन्नतीने सगळं ऐकलं होतं. मीही.

"बाबा, तिला अभ्यास असेल. आजींचं सगळं करायचं म्हणजे..." मी म्हटलं.

"घरचाच हाय ना? परक्याचा कराचा हाय का?"

टेबलामागच्या मुलाने हळूच घड्याळाकडे पाहिलं. "मॅडम, नाशिक की पनवेल?"

उन्नतीने एकदा नकाशाकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबा सकाळपासून काही खाल्लेले नव्हते. लेकीचं मार्गी लागल्याशिवाय घास घ्यायचा नाही म्हणून. खिशातल्या रुमालाने ते पुन्हा पुन्हा मान पुसत होते.

"पनवेल," ती म्हणाली.

"वैनी, चालंल गं," हे मला. मी काहीच विचारलं नव्हतं.

युनिफॉर्मचं माप तिथेच घेत होते, बाजूच्या खोलीत. गळ्यात टेप अडकवलेल्या म्हाताऱ्या शिंप्याने तिला उभं केलं. "हाथ फैलाओ, बेटा. तीन साल पहनना है, थोड़ा ढीला रखूँ?"

"ठेव, ठेव," दारातून बाबा म्हणाले. "पोरगी आत्याकडं अंग धरंल."

उन्नतीने दोन्ही हात पसरले आणि समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत राहिली. तिला तसं बघून चिमी धावत गेली, तिच्याशेजारी ताठ उभी राहिली आणि तिनेही आपले इवले हात पसरले.

सगळे हसले. शिंपीही हसला. "इसका भी ले लूँ नाप?" म्हणत टेप घेऊन तो तिच्यापुढे वाकला.

मी पुढे झाले आणि चिमीचे हात खाली घेतले.