सुपाची मजुरी

माझा ढवळ्या बैल एकदा शहागडच्या पुलावरून गोदावरीत उतरला अन् प्रवाहाच्या उलटा पोहत पैठणला गेला. जायकवाडीच्या भिंतीला शिंग लागलं तेव्हा कुठं थांबला. हे मी अंतरवालीच्या चौकात, चांदपाशाच्या हॉटेलात कितीदा तरी सांगितलंय, आणि चहा गाळता गाळता चांदपाशानं दर वेळी मान डोलावलीय. आता सांगतो त्यात बैल नाही आणि माझ्या पदरचा शब्दही नाही. पदरचं घालायला त्या लोकांनी जागाच ठेवली नाही.

माझी नात रूपाली इंग्लंडातल्या एका विद्यापीठात मातीचं शास्त्र शिकते. तिच्या वर्गात मार्ता नावाची पोलंडची पोरगी आहे. काचेच्या घरात या मार्ताच्या जवाच्या कुंड्या. रोज तोलायच्या, मापानं पाणी द्यायचं, आकडे लिहायचे. त्यावरच परीक्षेचे मार्क. तर मार्ता बर्फावर घसरली, पाय मोडून पडली. कुंड्या सुकायला लागल्या.

आमच्याकडं कुणाची पेरणी अडली की चार घरचे लोक आपापली औतं घेऊन त्याच्या रानात उतरतात. मजुरी नाही, काही नाही. ज्याचं रान त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं आणि स्वतःही त्यांच्यात बसून जेवायचं. याला आम्ही इर्जिक म्हणतो. रूपालीला दुसरं काय सुचणार? तिनं वर्गातली पोरं गोळा केली आणि मार्ताच्या कुंड्यांची इर्जिक केली. मार्तानं कुबड्यांवर तोल सावरत बीटाचं लालभडक सूप रांधलं. सगळ्यांचा जेवतानाचा फोटो रूपालीनं मोबाइलवर टाकला. लपवायचं काय होतं त्यात?

लगेच चौकशी लागली. परवानगीशिवाय कुंड्यांना हात लावला, हे एक. ते ठीक, नियम असंल त्यांचा. पण पुढं लिहिलं होतं, ‘जेवणाच्या मोबदल्यात दुसरीचे काम केले.’ यावर सही केली तर ताकीद देऊन सोडू, नाहीतर विद्यापीठातून नाव कमी.

चौकशीत घरचं माणूस फोनवर चालेल असं ते म्हणाले. आमच्या घरात पत्र्याखाली रेंज येत नाही, म्हणून मी आणि माझा मुलगा राजानंद, म्हणजे रूपालीचा बाप, दुपारी चांदपाशाच्या हॉटेलात फोन मांडून बसलो. राजानंद शाळामास्तर आहे. सही दिसली की ठोकायची, हे त्याच्या हाडात मुरलंय.

“बाळा, करून टाक सही,” तो म्हणाला. “एका वाक्यानं काय होतंय?”

“पप्पा, मी जेवणासाठी काम नाही केलं.”

“मला म्हाईत हाय. पण त्यांच्या समाधानासाठी...”

“राज्या, तोंड मिट!” माझा आवाज एवढा चढला की बाकड्याखालचं कुत्रं उठून रस्त्यापलीकडं गेलं. “जेवणासाठी काम म्हंजी काय, हे तुला ठावं न्हाई. तुझ्या आज्याला होतं.”

माझा बाप गावकीची कामं करायचा. मेलेली ढोरं ओढायची, निरोप घेऊन उन्हात पळायचं, आणि संध्याकाळी टोपलं घेऊन दारोदार उभं राहायचं. भाकर लांबून टाकायचे. ती आमची मजुरी. छप्पन सालानंतर आम्ही बौद्ध झालो आणि बापानं ते टोपलं चुलीत घातलं. पुढं पहिल्यांदा इर्जिकीचं बोलावणं आलं, तेव्हा बापानं आधी एवढंच विचारलं, “पंगत कुठं बसणार?” सगळे एकाच पंगतीत, असं कळल्यावरच त्यानं बैल जुंपले. आणि आता त्याच माणसाच्या पणतीनं लिहून द्यायचं, की मी जेवणासाठी राबले?

तिकडं चौकशीच्या मुख्य बाईंनी रूपालीला विचारलं, आजोबा का ओरडतायत?

“सांग त्यांना!” मी फोनच्या अगदी तोंडाशी गेलो. “म्हणावं, जेवताना ती पोरगी कुठं बसली होती, हे विचारलं का कुणी?”

“आबा, हळू बोला, सगळं ऐकू येतंय.”

“येऊ दे की! बसली कुठं होती?”

“माझ्या शेजारी. खाली जमिनीवर, पाय लांब करून. एकाच पातेल्यातून घेतलं सगळ्यांनी.”

“मंग सांग. टोपल्याचं बी सांग.”

रूपालीनं सांगितलं. मला इंग्रजी येत नाही, पण टोपल्यापाशी तिचा आवाज कापला, ते बराबर कळलं. राजानंदनं मान खाली घातली होती. मग बाईंनी काहीतरी विचारलं.

“काय म्हणती?”

“म्हणतायत, हे तू आधीच लिहून का नाही दिलंस?”

“तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, सुपाचा जबाब द्यावा लागेल असं वाटलं नव्हतं.”

ते वाक्य त्यांनी खोडलं. कुंड्यांना हात लावल्याची ताकीद मात्र ठेवली, आणि रूपालीनं त्यावर सही केली. जे केलं त्याची सही करायला तिची ना नव्हतीच. मार्ताचे आकडे मात्र रद्द. तिनं नव्यानं जव लावायचा, आणि कुणीही कुंडीला शिवायचं नाही! आता ती पोरं मार्ताला चाकाच्या खुर्चीतून काचेच्या घरात नेतात आणि ती तोलेपर्यंत हात मागं बांधून उभी राहतात. तिनं पेन्सिल पाडली तर ती उचलायची का, हेसुद्धा रूपालीला लेखी विचारावं लागलं. अजून उत्तर नाही. सूप मात्र पुन्हा झालं, त्याच पातेल्यात.

त्या दुपारी फोन ठेवल्यावर चांदपाशा माझ्यासमोर येऊन बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

“चाचा, एक बोलू?”

“बोल.”

“तुमचा बैल पैठणला गेल्ता, मानलं. पण सूप पिलं म्हणून शिकलेले लोक पोरीला हाकलून देऊन राह्यले होते?” त्यानं माझा कप उचलला. “ये तो बिलकुल झूट लगता है.”