तपासणारा: बन्सी

आमच्या कंपनीत कोड तपासायला एक सॉफ्टवेअर आहे. त्याला सगळे फौजदार म्हणतात, कारण ते निरपराध माणसालाही अडवतं. चाकणच्या कारखान्यांत पत्रा दाबायच्या प्रेस मशीन असतात, त्यांचे कंट्रोलर आम्ही बनवतो. त्यातला प्रोग्राम बाहेर जाण्याआधी फौजदाराच्या हाताखालून जावा लागतो आणि दर वेळी तो दोनशे-तीनशे पिवळे इशारे काढतो. बहुतेक फालतू असतात. रोज मरे त्याला कोण रडे.

इशारा फालतू वाटला तर त्याच्या खाली एक ओळ लिहायची: तपासले, धोका नाही, आणि तपासणाऱ्याचं नाव. मग फौजदार त्या जागी पुन्हा बोलत नाही. आमच्याकडे ते नाव एकच असायचं, बन्सी सरांचं. सर चाकणजवळच्या खेड्यातले, शेतकऱ्याच्या घरातले. कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून लागले आणि चाळिशी उलटल्यावर कोड शिकले. ते खरोखर एकेक इशारा बघायचे, त्यामुळे त्यांचं नाव दिसलं की ऑडिटवाले पुढचं पान उलटायचे. हे आमच्या लक्षात आलं. मग आम्ही ती ओळ नावासकट कॉपी करून ठेवली आणि लागेल तिथे चिकटवायला लागलो, सरांनी बघितलेलं असो वा नसो. मी पुनम, या टीममध्ये नऊ वर्षं आहे. सगळ्यांत जास्त मीच चिकटवल्या असतील.

सर दीड वर्षापूर्वी रिटायर झाले. मागच्या मंगळवारी ते पुन्हा ऑफिसात आले, कारण आमचा मॅनेजर आदिनाथ याने फोनवर सगळं सांगून त्यांना बोलावलं होतं.

झालं असं होतं. एका कारखान्यात लाइट गेली आणि परत आली. आमच्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात दोन बटणांवर असतील तरच वरचा भाग खाली येतो, म्हणजे हात आत सापडायचा प्रश्नच नाही. पण डाव्या बटणाची नोंद जिथे ठेवतात ती जागा प्रोग्रामने सुरुवातीला रिकामी करून घेतली नव्हती. तिथे कचरा होता, म्हणजे आधीचा कुठलातरी आकडा पडून होता. लाइट आल्यावर मशीनला वाटलं, डावा हात बटणावर आहे. तो आत होता, आणि उजवा खरंच बटणावर होता. चिमाजी नावाच्या ऑपरेटरची दोन बोटं गेली.

फौजदाराने नेमकी हीच जागा दाखवली होती. खाली ओळ होती: तपासले, धोका नाही, बन्सी. तारीख सरांच्या शेवटच्या आठवड्यातली. ती मी चिकटवली होती. त्यांच्या निरोपसमारंभाच्या दिवशी, केक यायच्या आधी, एकसष्ट इशारे मी वीस मिनिटांत गप्प केले होते. मला ते आठवलं, आणि तरी चार दिवस मी तोंड उघडलं नाही. आदिनाथ म्हणाला होता, "सर रिटायर आहेत, त्यांना कोण काय करणार? टीम वाचतेय ना, वाचू दे." मी मान डोलावली. वड्याचं तेल वांग्यावर निघत होतं, आणि वांगं मी नव्हते एवढंच मला पुरे झालं होतं.

सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. आदिनाथने स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. त्यांनी ओळ वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

"मला आठवत न्हाई," ते म्हणाले. "पन नाव हाय म्हंजे मी बघितलं आसनार. न बघता मी कदी हो म्हनलो न्हाई."

"होतं असं, सर," आदिनाथ म्हणाला आणि चूक सरांची होती असा टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "एवढी सही द्या, विषय संपला."

"काल मी चिमाजीकडं जाऊन आलो. शेजारच्याच गावचा हाय. त्याला म्हनलं, बाबा, चूक माजी हाय. तर त्यानंच बायकोला चहा टाकायला सांगितला. प्यावा लागला."

त्यांनी पेन उचललं. मला राग आला. आदिनाथचा आला, माझा आला, आणि सर इतक्या सहज मान्य करतात याचाही आला. ते एकदा जरी म्हणाले असते की हे मी केलेलं नाही, तर मी बहुतेक गप्पच राहिले असते.

"सर, ते तुम्ही नाही बघितलं," मी म्हणाले. "ती ओळ मी चिकटवली. तुमच्या नावाची ओळ आम्ही कॉपी करून ठेवली होती."

"पुनम, तू बाहेर थांब," आदिनाथ म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या तिला." सरांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "माज्या नावाच्या अशा वळी किती हायेत?"

मी शोधून सांगितलं. अकराशे बारा.

"त्यातल्या मी खरंच बघितलेल्या कंच्या?"

मी एकेक ओळ उघडून बघितली. सरांनी तोंडी सांगितलेल्या ओळीही आम्हीच टाइप करायचो. सगळ्या अक्षरशः सारख्या होत्या.

"सांगता येणार नाही, सर."

"एकेका इशाऱ्यापायी मी दोन-दोन दिवस प्रेसपाशी हुबा ऱ्हायलोय, पोरी. ते बी यातच हाय?"

"हो."

 आदिनाथने कागद हळूच आपल्याकडे ओढून घेतला.

"मग समद्यातनं नाव काढ," सर म्हणाले. "माज्याम्होरं."

मी सगळ्या ओळी निवडल्या. त्यात त्यांचं चौदा वर्षांचं खरं काम होतं. मला ते माहीत होतं, आणि मी ते पुसलं.