आधी दाखव

ऑफिसात तिला सगळे वेलांटी म्हणत. तोंडावर नाही, पण ती आत शिरली की कोपऱ्यातून कोणीतरी "आली वेलांटी" असं पुटपुटायचं आणि तिच्या कानावर ते बरोबर पडायचं. तिला त्याचं काही वाटत नसे. ज्यांना 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक कळत नाही, त्यांनी ठेवलेलं नाव काय मनाला लावून घ्यायचं!

त्यांची कंपनी 'मागोवा' नावाचा एक प्रोग्राम बनवायची. तुम्ही एखादी फाइल लिहिता, खोडता, पुन्हा लिहिता. मागोवा तिची जुनी-नवी सगळी रूपं जपून ठेवतो. आज केलेलं उद्या पटलं नाही, तर मुकाट कालच्यावर परत जाता येतं. वेलांटीचं काम या मागोव्याची माहितीपुस्तिका सुधारायचं. म्हणजे प्रोग्रामर लोक जे काही खरडून फेकतील ते माणसाला वाचता येईल असं करायचं. 'आवर ही कमांड आवरण्यासाठी आहे,' असं एक वाक्य त्या पुस्तिकेत कित्येक वर्षं सुखाने नांदत होतं. लिहिणाऱ्याला ते लिहून वर समाधानही वाटलं असणार, असं वेलांटीला नेहमी वाटायचं.

ते लिहिणारा होता मूळपुरुष. हे नाव वेलांटीने ठेवलेलं. मागोव्याची पहिली आवृत्ती त्याने लिहिली होती आणि तेव्हापासून तो त्या पुण्याईवर बसून होता. खिडकीजवळची खुर्ची त्याची. टेबलाखाली बूट काढून ठेवायचा आणि मोज्यांतले पाय एकमेकांवर घासत विचार करायचा. पुस्तिकेबद्दल त्याचं मत ठाम होतं.

"ज्याला कळतं, त्याला पुस्तिका लागत नाही," तो म्हणायचा. "आणि ज्याला कळत नाही, त्याने मागोव्याला हात लावू नये."

"म्हणजे मी कोणासाठी लिहिते?"

"ते तुम्हीच शोधा, बाई. पगार तुम्हाला त्याचाच मिळतो."

वेलांटी त्याच्या मोज्यांकडे बघायची आणि आपल्या जागेवर परत जायची. एवढं डोकं असलेल्या माणसाला कर्ता, कर्म, क्रियापद एका ओळीत उभं करता येत नाही, याची तिला कीव येत नव्हती, किळस यायची.

आता तिच्या वहिनीबद्दल सांगायला हवं. दादाची ही बायको शब्दकोडी बनवायची. वर्तमानपत्रांत तिची कोडी यायची आणि सध्या ती एका जाडजूड पुस्तकासाठी नवी कोडी रचत होती. वेलांटीच्या मते हा रिकामटेकड्यांनी रिकामटेकड्यांसाठी चालवलेला उद्योग होता. वहिनीच्या मते वेलांटी म्हणजे दुसऱ्याच्या वाक्यातलं कुसळ काढून पोट भरणारी बाई. दोघींचं एकमेकींशिवाय अडायचं नाही आणि पटायचंही नाही. दादा बिचारा दोघींच्या मध्ये चहाचे कप ठेवायचा आणि बाल्कनीत सटकायचा.

वहिनीच्या कॉम्प्युटरवर फाइलींचा नुसता बाजार भरला होता. तो बघून वेलांटीनेच तिला मागोवा घालून दिला. वर थोडा भावही खाल्ला. "सुरुवात कशी करायची त्याचं पान आहे पुस्तिकेत. ते नीट वाच आणि तसंच कर. स्वतःचं डोकं लावू नकोस."

"माझं डोकं मी कोड्यांना ठेवलंय," वहिनी म्हणाली. पान मात्र तिने छापून घेतलं आणि भिंतीला चिकटवलं.

मग एक दिवस भर दुपारी ऑफिसात फोन आला.

"वन्सं, तुमच्या त्या मागोव्याने माझी कोडी गिळली."

वहिनी 'वन्सं' म्हणाली की समजायचं, प्रकरण तापलंय. एरवी ती तिला नावाने हाक मारायची.

"गिळली म्हणजे?"

"म्हणजे नाहीत. फोल्डर आहे, आत काही नाही. नव्या पुस्तकाचं सगळं गेलं."

"काय केलंस तू?"

"तुमच्या पानावर लिहिलंय ते केलं. आवर, आधी दाखव."

वेलांटीने डोळे मिटले. मागोव्यात ज्या फाइलींची नोंद झालेली नसते, त्या 'आवर' म्हटलं की पुसल्या जातात. म्हणून पुढे 'आधी दाखव' असं लिहायचं. मग तो कुठल्या फाइली जातील त्यांची नुसती नावं दाखवतो, हात लावत नाही. नवी कोडी पूर्ण झाल्यावरच त्यांची नोंद करायची असं वहिनीने ठरवलं असणार, आणि 'आधी दाखव' लिहायला विसरली असणार. उघड होतं.

"वहिनी, तू 'आधी दाखव' लिहिलंच नाहीस."

"लिहिलं."

"लिहिलं असतंस तर काही गेलं नसतं."

"मी शब्दांवर पोट भरते, वन्सं. कुठला शब्द लिहिला आणि कुठला नाही एवढं मला कळतं."

"असं सगळ्यांनाच वाटतं," वेलांटी म्हणाली आणि फोन ठेवला. ठेवल्यावर तिने आपल्या कॉम्प्युटरवर एक खोटं फोल्डर बनवून आवर, आधी दाखव चालवून पाहिलं. नावं दिसली, फाइली जागच्या जागी. तिला बरं वाटलं. वहिनीची चूक निघाली याचं तिला जरा जास्तच बरं वाटलं, हे खरं.

रविवारी ती दादाकडे गेली ती वहिनीला शांतपणे समजावून सांगायला. वहिनीने तिला बसायलाही सांगितलं नाही. कॉम्प्युटर चालू केला, काही भलत्याच फाइली फोल्डरमध्ये टाकल्या आणि म्हणाली, "आता तुम्ही करा. तुमच्या हाताने."

वेलांटीने एकेक अक्षर बघत लिहिलं. आवर, आधी दाखव. पडद्यावर फाइलींची नावं आली.

"दिसली ना नावं? बघ, काही नाही झालं," ती म्हणाली.

"फोल्डर उघडा."

फोल्डर रिकामं होतं.

वेलांटीने आणखी फाइली टाकून पुन्हा केलं. पुन्हा तेच. दादा बाल्कनीतून आत डोकावला, दोघींचे चेहरे बघितले आणि तसाच मागे सरला.

"माझ्याकडे चाललं होतं," वेलांटी म्हणाली. हे वाक्य मूळपुरुषाच्या तोंडचं होतं. कोणीही काहीही तक्रार केली की तो मोज्यांतले पाय घासत हेच म्हणायचा. ते आपल्या तोंडून बाहेर पडलेलं ऐकून तिला स्वतःचीच शिसारी आली.

मग दोघींनी मिळून शोधलं. शोधलं म्हणजे वहिनीनेच शोधलं, कारण खाचाखोचा हुंगायची सवय तिला. तिचं फोल्डर होतं 'नवी कोडी'. दोन शब्द, मध्ये मोकळी जागा. वेलांटीच्या खोट्या फोल्डरचं नाव होतं नुसतं 'चाचणी'. वहिनीने आपल्या फोल्डरचं नाव 'नवीकोडी' असं सलग केलं, तर मागोवा अगदी सज्जनासारखा वागला. मधली जागा परत घातली की परत सगळं साफ.

वेलांटीचं लक्ष भिंतीवर गेलं. छापलेल्या पानावर लिहिलं होतं: 'आवर, आधी दाखव ही कमांड अधूनमधून जरूर चालवावी. यात कोणताही धोका नाही.' मूळपुरुषाने मुळात 'धोका नाही यात काही' असं लिहिलं होतं. ते वाक्य सरळ कोणी केलं होतं? तिनेच. शब्द जागेवर बसवले, पूर्णविराम दिला आणि खुशीत पुढच्या पानावर गेली. वाक्य खरं आहे की नाही, हे बघायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"वहिनी, चुकलं माझं. तू बरोबर होतीस," ती म्हणाली.

"ते मला माहीत होतं," वहिनी म्हणाली. "कोडी परत येणार का, ते सांगा."

कोडी परत येणार नव्हती. मागोवा नोंद न केलेल्या गोष्टी पुसतो तेव्हा कायमच्या पुसतो.

सोमवारी वेलांटी थेट खिडकीजवळच्या खुर्चीपाशी गेली आणि सगळं सांगितलं. मूळपुरुषाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, म्हणजे निदान मध्ये बोलला नाही.

"फोल्डरच्या नावात मोकळी जागा कशाला सोडायची?" तो म्हणाला.

"कारण दोन शब्दांच्या मध्ये ती असते."

"शहाणी माणसं नाही सोडत."

"हा बग आहे."

"ही सवय आहे. लोकांची वाईट सवय." त्याने पाय बुटांत सरकवले, म्हणजे बोलणं संपलं. "पुस्तिकेत लिहून टाका, नावात जागा सोडू नये म्हणून. तुमचं कामच आहे ते."

वेलांटी जागेवर येऊन बसली. तिच्या डोक्यात संताप होता, पण त्याहून जास्त होती ती घृणा. या माणसाच्या लेखी पुस्तिका म्हणजे केर लोटायचा कोपरा. जे दुरुस्त करायचा कंटाळा, ते तिकडे ढकलायचं, आणि मग लोकांना म्हणायचं, वाचलं नाहीत का?

ठीक आहे, तिने ठरवलं. लिहा म्हणतोय ना, मग लिहूच.

तिने 'यात कोणताही धोका नाही' हे वाक्य काढलं आणि त्या जागी लिहिलं: 'फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल, तर आधी दाखव असे लिहूनही मागोवा तुमच्या फाइली पुसतो. त्या परत मिळत नाहीत. ही चूक आमची आहे आणि ती आम्हाला माहीत आहे. आम्ही ती अजून सुधारलेली नाही.' ऱ्हस्वदीर्घ तपासले आणि पान सगळ्या जगासाठी खुलं केलं. परवानगी कोणाची घ्यायची नव्हती, कारण पुस्तिका बाहेर जाण्याआधी कोणी वाचावी असं आजवर कोणालाच वाटलं नव्हतं.

ऑफिसात कोणी वाचलंच नाही. बाहेरच्यांनी वाचलं. पुढच्याच दिवशी मॅनेजरच्या टेबलावर फोन खणखणायला लागले, आणि दुपारच्या आत वेलांटी आणि मूळपुरुष काचेच्या खोलीत समोरासमोर बसले होते. मॅनेजर हा मऊ बोलणारा, सतत हसरा माणूस; पण त्या दिवशी हसू त्याच्या तोंडावर नुसतं चिकटून राहिलं होतं.

"बाई, असं लिहितात का? आपल्याच मालाबद्दल?"

"कसं लिहायचं असतं?"

"म्हणजे थोडं सकारात्मक. 'काही विशिष्ट परिस्थितीत अनपेक्षित परिणाम संभवतात,' असं काहीतरी."

"फाइली जातात. परिणाम संभवत नाहीत."

"हे खोडसाळपणाने लिहिलंय," मूळपुरुष म्हणाला. "मी साधी सूचना द्यायला सांगितली होती."

"यातलं कुठलं वाक्य खोटं आहे?" वेलांटीने विचारलं.

मॅनेजरने मूळपुरुषाकडे पाहिलं, मूळपुरुषाने टेबलाकडे.

"खोटं असेल तर आत्ता काढते," ती म्हणाली. "खरं असेल तर तुम्ही बग काढा, म्हणजे वाक्य आपोआप खोटं होईल. मग मी ते काढीन. खोटी वाक्यं काढायचाच पगार मिळतो मला."

"किती वेळ लागेल दुरुस्तीला?" मॅनेजरने मूळपुरुषाला विचारलं.

"हे खोलवरचं आहे," मूळपुरुष गंभीरपणे म्हणाला. "मुळात हात घालावा लागेल."

त्याने मुळात हात घातला आणि संध्याकाळचा चहा यायच्या आत काढलाही. मागोव्याचा स्वतःचा कोडही मागोव्यातच ठेवलेला असल्यामुळे कोणी काय बदललं ते कोणालाही बघता येत असे. वेलांटीने बघितलं. फोल्डरच्या नावाभोवती अवतरणचिन्हं घातली होती. बस, एवढंच. ती नसल्यामुळे मधल्या मोकळ्या जागेपाशी नावाचे तुकडे व्हायचे, मागच्या सूचना पुढे सरकायच्या आणि 'आधी दाखव' रांगेबाहेर पडायचं; पडद्यावर दिसायची ती पुसून झालेल्या फाइलींची नावं. विरामचिन्हांना बाईमाणसाचं विणकाम म्हणणाऱ्या या महापुरुषाला इतकी वर्षं एक अवतरणचिन्ह सुचलं नव्हतं. आणि बदलाच्या सोबत द्यायच्या टिपणात त्याने काय लिहावं? 'किरकोळ सुधारणा.'

त्यातलाही 'सुधारणा'मधला 'धा' त्याने 'दा' केला होता. वेलांटीने ते तसंच राहू दिलं. काही गोष्टी दुरुस्त करण्याच्या लायकीच्या नसतात.

महिनाअखेरच्या सभेत मॅनेजरने मूळपुरुषाचं कौतुक केलं, वापरणाऱ्यांच्या अडचणींची त्वरित दखल घेतल्याबद्दल. टाळ्या झाल्या. मूळपुरुष मान झुकवून उभा राहिला. वेलांटीनेही टाळ्या वाजवल्या, सर्वांपेक्षा जरा जास्त वेळ, इतक्या की आजूबाजूचे बघायला लागले.

वहिनी मात्र सगळी कोडी पुन्हा रचत होती. काही आठवत होती, काही नव्हती. वेलांटी आता दर रविवारी तिच्याकडे जायची आणि ती सांगेल ते मुकाट्याने करायची: चौकोन मोजायचे, सूचना वाचून दाखवायच्या, तोच शब्द पुन्हा आलाय का बघायचं. मागोवा वहिनीने कॉम्प्युटरवरून काढून टाकला होता आणि वेलांटीने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

एका रविवारी ती सोबत पुस्तिका घेऊन आली, पूर्ण छापलेली. आता ती त्यातलं प्रत्येक वाक्य करून बघत होती. ऑफिसातले लोक तिला येताना बघून कामात असल्याचं दाखवायला लागले होते. पण स्वतः सुधारलेलं पान स्वतःला डाचत नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

"वाचून दे," ती म्हणाली. "जिथे अडशील तिथे खूण कर."

"मला काय कळतंय तुमच्यातलं!"

"म्हणूनच."

वहिनीने पेन्सिलीला टोक केलं, चष्मा नाकावर खाली ओढला आणि वाचायला लागली. पहिल्याच पानावर पेन्सिल थांबली. मग पुन्हा थांबली. मग थांबतच राहिली. दादाने चहा आणून ठेवला आणि या वेळी, काय होतंय ते बघायला, तिथेच बसला.

"याचे दोन अर्थ होतात," वहिनी म्हणाली. "याचा एकही होत नाही. आणि हे काय, 'वरीलप्रमाणे'? वर तर चार गोष्टी आहेत, कुठल्याप्रमाणे?" तिने ओळीखाली जाड रेघ ओढली आणि तुच्छतेने ओठ मुडपले. "हे कुठल्या गाढवाने लिहिलंय?"

"मी," वेलांटी म्हणाली.

"तरीच," वहिनी म्हणाली, आणि पान उलटलं.