संथ भागातला खोकला

सासुरवाडीच्या दिवाणखान्यात रेडिओ लागला की सासरे उठून बाहेरच्या पॅसेजमध्ये जातात, हे जावयाने लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत पाहिले आणि त्याचा सरळ अर्थ लावला: त्यांना संगीताचे वावडे असावे. निष्कर्ष चुकीचा होता. सासरे पॅसेजमध्ये चपलांचे कपाट आणि विजेचा मीटर यांच्या मधल्या स्टुलावर बसत, खोकल्याची गोळी जिभेखाली ठेवत आणि तळहातभर उघड्या ठेवलेल्या दारातून येणारा वाद्यवृंद शेवटच्या टाळीपर्यंत ऐकत. दार किती उघडे ठेवायचे हे सासूबाईंनी ठरवून दिले होते. त्याहून जास्त ते कधी उघडले गेले नाही. सासरे वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते आणि मापात खोट त्यांना चालत नसे.

या व्यवस्थेचे कारण बायकोने जावयाला कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितले. आईबाबांचे नवे लग्न झाले होते तेव्हा एक जगप्रसिद्ध वाद्यवृंद शहरात आला होता. हातातल्या छडीने वादकांना चालवणारे त्याचे वयोवृद्ध संचालक फिरतीवर क्वचितच निघत. तिकिटे मिळणे मुश्कील होते. ती आईने मिळवली होती, कशी ते तिने अजून कुणाला सांगितलेले नाही. कार्यक्रम रेडिओवरून थेट जात होता. सिंफनीच्या संथ भागाच्या अखेरीस सगळी व्हायोलिने थांबली, सनईसारख्या एकट्या ओबोने एक सूर धरला आणि त्या सुराच्या ऐन मध्यावर कुणीतरी खोकले. आईचे म्हणणे, बाबा. बाबांचे म्हणणे, मागच्या रांगेतला माणूस. त्या रात्रीपासून बाबांनी कबुली देईपर्यंत वाद्यवृंदाच्या वेळी खोलीत बसायचे नाही असे ठरले. तेव्हापासून, म्हणजे तिच्या जन्माआधीपासून, बाबा स्टुलावर होते. दरम्यान घरात कपबशी फुटली, दूध उतू गेले, गॅसचे बिल हरवले, की सगळेजण बिनदिक्कत म्हणत, मागच्या माणसाने केले असेल. बायकोला तर लहानपणी तो आपला एखादा दूरचा काका वाटे.

जावई पदार्थविज्ञान शिकलेला होता. रेडिओ केंद्राच्या ध्वनिसंग्रहालयात जुन्या फिती साफ करण्याची नोकरी तो करत होता, आणि त्याला ही शिक्षा अशास्त्रीय वाटली. या खोलीत काढलेला खोकला काही दशकांपूर्वी ध्वनिमुद्रित झालेल्या कार्यक्रमात शिरू शकत नाही, हे त्याने सासूबाईंना शक्य तितक्या आदराने समजावून सांगितले. सासूबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले.

“ते मला कळतं, जावईबापू,” त्या म्हणाल्या. “ही शिक्षा आहे. उपाय नव्हे.”

जावयाने पदार्थविज्ञान आवरते घेतले.

ध्वनिसंग्रहालयातही तर्काची अवस्था फारशी बरी नव्हती. रविवारी दुपारी जुन्या गाजलेल्या मैफली पुन्हा ऐकवल्या जात, आणि त्याआधी श्रोत्यांचे खोकले त्यांतून कापून काढायचे असा नियम होता. संग्रहातले काहीही नष्ट करायचे नाही, असा दुसरा नियम होता. दोन्ही पाळायचे म्हणून कापलेले खोकले एकमेकांना जोडून वेगळ्या फितींवर ठेवले जात. अशा फितींनी एक लोखंडी कपाट भरले होते. विभागप्रमुख बाई पाहुण्यांना हे कपाट अभिमानाने दाखवत. या नियमाला अपवाद एकच होता: सिंफनीच्या दोन भागांच्या मधल्या विरामात श्रोते जो मोकळेपणाने खोकतात तो तसाच ठेवायचा. तिथे संगीत चालू नसते, त्यामुळे ते खोकले कायदेशीर, असे बाईंचे मत होते.

एके दिवशी, पोहण्याच्या स्पर्धेचे धावते वर्णन असे लिहिलेल्या डब्यातून जावयाने फीत काढून लावली, आणि पाण्याचा आवाज येण्याऐवजी वाद्ये जुळवल्याचा आवाज आला. पुसली गेली असे सर्वजण समजत होते ती तीच, खोकल्याची मैफल होती. पुढच्या रविवारी ती प्रसारित करायची असे बाईंनी लगेच ठरवले. जावयाने तोंडाला कुलूप घातले असते तर बरे झाले असते. पण त्याने रात्रीच्या जेवणात ही बातमी सासुरवाडीत सांगितली. सासऱ्यांनी चमचा खाली ठेवला. सासूबाईंनी तो उचलून त्यांच्या हातात परत दिला.

दुसऱ्या दिवशी दोघेही, वेगवेगळ्या बसने, संग्रहालयात हजर झाले. जावयाने त्यांना काचेच्या खोलीत शेजारी शेजारी बसवून संथ भाग लावला. ओबोचा सूर आला, खोकला आला, सूर पुढे गेला. खोकला लहान, कोरडा आणि काहीसा सुसंस्कृत होता. सासरे समाधानाने म्हणाले की हा मागचाच, शंकाच नको. सासूबाई तितक्याच समाधानाने म्हणाल्या की हा तुमचाच, आता तरी मान खाली घाला. एकच पुरावा दोन्ही पक्षांना पूर्णपणे पटलेला पाहून जावयाने ठरवले की कानांवर विसंबण्यात अर्थ नाही.

सुदैवाने फितीवर तीन मायक्रोफोन वेगवेगळे नोंदवलेले होते. दोन मंचाच्या डाव्या-उजव्या बाजूंना, एक टाळ्यांसाठी श्रोत्यांच्या डोक्यावर. खोकला कोणत्या मायक्रोफोनला आधी पोचला आणि किती आधी, हे कळले की तो कुठून निघाला हे काढता येते. आवाजाचा वेग कुणाची बाजू घेत नाही. निकाल मान्य करण्याचे वचन दोघांनी दिले. सासरे निर्दोष ठरले तर ते खोलीत बसतील. सासरे दोषी ठरले तर ते कबुली देतील, आणि मग खोलीत बसायचे की नाही ते सासूबाई बघतील.

सभागृह अजून उभे होते. तिघे तिथे सकाळी गेले. सासूबाई थेट आपल्या जुन्या खुर्चीवर जाऊन बसल्या. रांग त्यांना विचारावी लागली नाही. जावयाने मोजायची टेप काढली. सासऱ्यांनी ती हातात घेतली, स्वतःच्या प्रमाणित टेपशेजारी धरली आणि दोन मिलिमीटरने कमी भरते म्हणून बाद केली. या फरकाने काही बिघडत नाही, उलट झाला तर तो तुमच्याच फायद्याचा आहे, असे जावयाने हळूच सुचवले. सासऱ्यांनी त्याच्याकडे असे पाहिले, की काटा मारणाऱ्या किती दुकानदारांची पाचावर धारण बसली असेल याची त्याला कल्पना आली. सगळी मापे सासऱ्यांच्या टेपने घेतली गेली.

गणित संध्याकाळी सुटले. जावयाने ते पुन्हा केले आणि मग बायकोकडून तपासून घेतले. ती शाळेत गणित शिकवत असे. तिने उत्तराकडे बघितले आणि म्हणाली, “हे तू आईला सांगणार? जा बाबा. तुझी डाळ तिथे शिजायची नाही.”

दिवाणखान्यात सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. सासरे सवयीने दारातच उभे होते. जावयाने सांगितले की खोकला श्रोत्यांमधून आलेलाच नाही. तो मंचावरच्या दोन्ही मायक्रोफोनना एकाच क्षणी पोचला, श्रोत्यांच्या मायक्रोफोनला नंतर. म्हणजे तो मंचाच्या मध्यावरून, अगदी पुढून आला. तिथे एकच माणूस उभा होता.

“संचालक?” सासूबाईंनी विचारले.

“होय.”

सासूबाईंनी आयुष्यात फार थोड्या माणसांना मोठे मानले होते आणि हा त्यांतला पहिला होता. त्यांनी खिडकीचे तावदान लावून घेतले. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर मात्र विजयाचा मागमूस नव्हता. ते दारातून एक पाऊलही पुढे आले नाहीत. काहीतरी त्यांना बोचत होते.

“त्यांना सर्दी झाली होती का?” सासूबाईंनी शेवटी विचारले.

जावई म्हणाला की ते कळायला मार्ग नाही. तेव्हा सासऱ्यांनी घसा साफ केला, आणि सगळ्यांनी दचकून त्यांच्याकडे पाहिले.

“झाली असणार,” ते म्हणाले. “मला झाली होती.”

मग ते आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट सांगू लागले. मैफलीच्या तीन दिवस आधी ते एका हॉटेलात सामानाचा वजनकाटा तपासायला गेले होते. नाक वाहत होते, पण साहेबांनी रजा नाकारली होती. काट्यावर स्वरलिपीच्या वह्यांनी भरलेली एक ट्रंक होती. काटा तिचे वजन जास्त दाखवत होता, आणि ट्रंकेचा मालक, एक पांढऱ्या केसांचा वृद्ध गृहस्थ, कारकुनाशी हुज्जत घालत होता. सासऱ्यांनी काटा सदोष ठरवला. गृहस्थांनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून बराच वेळ हलवला. मैफलीच्या रात्री मंचावर तेच आले तेव्हा सासऱ्यांनी त्यांना ओळखले. तपासणी केलेल्या जागेविषयी बाहेर बोलायचे नाही असा खात्याचा नियम होता. घर हे बाहेरच, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला होता.

“म्हणजे तुम्ही त्यांना भेटलात?” सासूबाईंचा आवाज बदलला होता. “हात हातात घेऊन?”

“त्यांनी घेतला.”

“आणि मी इतकी वर्षं त्यांना नवव्या रांगेतून पाहिल्याचं लोकांना सांगत फिरते.”

सासऱ्यांनी दाराची कडी नीट केली.

“आणि मैफलीत तुम्हाला सर्दी होती. मी म्हणतच होते.”

“होती. पण मी दाबली. पूर्ण संथ भागभर दाबली, डोळ्यांत पाणी आलं. माझा खोकला मी दाबू शकत होतो. त्यांचा कसा दाबणार?”

सासूबाईंनी हिशेब मांडायला वेळ घेतला नाही. “मग खोकला तुमचाच,” त्या म्हणाल्या. “काढला फक्त त्यांनी.”

इथे जावयाला राहवले नाही. हस्तांदोलनातून सर्दी लागते हे सिद्ध झालेले नाही असे नाही, तीन दिवसांचा अवधीही बसतो. पण त्या तीन दिवसांत संचालक शेकडो लोकांना भेटले असतील, मंचावर धूळ असेल, म्हातारपणी घसा कोरडा पडतो. एवढ्यावरून असा निष्कर्ष काढणे म्हणजे बादरायण संबंध जोडणे. तो हे सगळे मुद्देसूद सांगत होता आणि कुणीही त्याच्याकडे पाहत नव्हते. सासूबाई सासऱ्यांकडे पाहत होत्या. सासरे, आयुष्यभर दुसऱ्यांच्या तराजूत पासंग शोधलेला माणूस, मनातल्या मनात एका पारड्यात काहीतरी टाकत होते आणि दुसऱ्यातून काढत होते.

“मूळ माझं आहे,” ते अखेर म्हणाले. “नाकारता येत नाही.”

“लिहून द्यायला नको,” सासूबाई म्हणाल्या. “ऐकलं मी.”

त्या स्वतः उठल्या, जेवणाच्या टेबलापाशी ठेवलेली हातांची खुर्ची ओढत आणली आणि रेडिओसमोर ठेवली. एक प्रश्न मात्र उरला आणि तो सासऱ्यांनी उपस्थित केला: मागच्या माणसाची माफी कशी मागायची? त्याचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. त्याला कोणी प्रत्यक्ष पाहिलेही नव्हते, अंधार होता. सासरे त्या रात्री नीट जेवले नाहीत.

आता सासूबाईंचा हुकूम असा निघाला की खोकला कापायचा नाही. जावयाने विभागप्रमुख बाईंपुढे विषय काढला तेव्हा त्याला नकाराची खात्री होती. बाईंनी नियमावली डोळ्यांपुढे आणली आणि विचारात पडल्या. नियम श्रोत्यांच्या खोकल्याचा होता. संचालकाने मंचावर, वादन चालू असताना काढलेला आवाज हा श्रोत्यांचा नव्हे. तो वादनाचा भाग, आणि वादनात काटछाट करणे हा गुन्हा. खोकला राहिला. लोखंडी कपाटात आणखी कुणाकुणा संचालकांचे खोकले चुकून अडकून पडले असतील या विचाराने बाईंना तेव्हापासून झोप लागेना, आणि कपाटातले सगळे खोकले तपासण्याचे काम जावयाच्या गळ्यात पडले.

रविवारी दुपारी रेडिओ लागला. सासरे दारात आले, थबकले, मग आत येऊन खुर्चीवर बसले. गोळी त्यांनी सवयीने तोंडात टाकली होती. पहिला भाग ते अवघडून ऐकत होते. पॅसेजमध्ये भिंतीतून गाळून आलेले बासचे खर्जातले सूर त्यांच्या ओळखीचे होते, पण व्हायोलिने इतकी जवळून बरीच वर्षे ऐकली नव्हती. अधूनमधून ते मान फिरवून दाराकडे बघत, आपण तिथे बसलेलो नाही याची खात्री करून घेतल्यासारखे.

संथ भाग आला. सगळी वाद्ये थांबली. ओबोचा सूर एकटा उभा राहिला आणि त्याच्या मध्यावर तो लहानसा, कोरडा आवाज झाला. सासऱ्यांनी मान किंचित झुकवली. सासूबाईंनी जावयाकडे पाहिले, आणि जावयाने, हातात एकही पुरावा नसताना, आपण होऊन मान डोलावली.

सूर संपला. मग विराम सुरू झाला आणि सभागृहातून दाबून ठेवलेल्या खोकल्यांची लाट उठली. शेकडो गळे एकदम मोकळे झाले. त्यांतून एक वेगळा काढणे कुठल्याही उपकरणाच्या आवाक्याबाहेरचे होते, हे जावई शपथेवर सांगू शकला असता. सासरे खुर्चीत पुढे सरकले आणि त्यांनी रेडिओकडे बोट केले.

“हा. हा माझा.”

सासूबाईंनी डोळे मिटलेले होते.

“तो नव्हे,” त्या म्हणाल्या. “त्याच्या नंतरचा.”

सासऱ्यांनी क्षणभर विचार केला आणि ही दुरुस्ती मान्य केली.