चौदा एप्रिलचं बाळ

शुक्रवारी, १७ जुलैला सकाळी सव्वानऊ वाजता क्लिनिकमधून नर्सचा फोन आला. "सत्तावीसची ट्रान्सफर कॅन्सल झाली आहे. गोळ्या आजपासून बंद करा."

हर्षिता गजभिये अमेरिकेत, कॅरी शहरातल्या आपल्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये होती. "कोणी कॅन्सल केली?"

"तुमच्या मिस्टरांनी, काल. दोघांची संमती लागते. त्यांनी त्यांची मागे घेतली."

हर्षिता एकोणचाळीस वर्षांची. लग्न फेब्रुवारीत झालं. डॉक्टरांनी वेळ घालवू नका म्हणून सांगितलं होतं. मे महिन्यातल्या आयव्हीएफच्या सगळ्या प्रयत्नांतून एकच गर्भ हाती लागला होता. तो गोठवून ठेवला होता आणि २७ जुलैला तिच्या गर्भाशयात सोडायचा होता. सोमवारी दुपारी बारापर्यंत जागा राखून ठेवते, नर्स म्हणाली. पण फोन मिस्टरांनीच करायला हवा.

"गोळ्या मी बंद करणार नाही," हर्षिता म्हणाली आणि गाडी घराकडे वळवली.

दारात तांदळाच्या पिठाची ताजी रांगोळी होती. तमिळ पंचांगातल्या आडी महिन्याचा पहिला दिवस, त्यातही शुक्रवार, देवीचा वार. तिची सासू सरला महिन्यापूर्वी त्रिचीहून आली होती. ती स्वयंपाकघरात देवीसाठी नाचणीची आंबील ढवळत होती. नवरा श्रीराम डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून बसला होता.

"तू क्लिनिकला फोन केलास?"

"संध्याकाळी सांगणार होतो."

"नर्सने सांगितलं. थँक्स."

"हर्षिता, फक्त पोस्टपोन केलंय. आडीत आमच्याकडे नवी सून माहेरी जाते. आडीत दिवस गेले की बाळ चित्तिरैत येतं, एप्रिलमध्ये, ऐन उन्हाळ्यात. अम्मा ते अशुभ मानते..."

"कॅरीत एप्रिलमध्ये मी जॅकेट घालून वॉकला जाते, यार! आणि अम्मांना तारीख कोणी सांगितली? आपलं ठरलं होतं, कुणाला सांगायची नाही."

"तुझ्या आईने."

हर्षिताने तिथूनच अमेरिकेतल्याच ट्रॉय शहरात फोन लावला. तिचे आईवडील तिथे भावाकडे राहत होते.

"हो, मीच सांगितली," तिची आई अहिल्या म्हणाली. "तू डॉक्टरची तारीख कळवली ना मला? चौदा एप्रिल! बाबासाहेबांच्या जयंतीला नातवंड, अजून काय पाहिजे बाई? वाटलं, त्यांनाही आनंद होईल. त्या म्हणाल्या, महिनाभर पोरीला तुमच्याकडे पाठवते. मी म्हटलं, पाठवा की, आखाडात पोरी माहेरी येतातच. तुझी खोली आवरूनही ठेवली."

"आई, माहेरपण नाही ते. त्यांनी ट्रान्सफर कॅन्सल केली. चौदा एप्रिल अशुभ आहे म्हणून."

अहिल्याचा फोन स्पीकरवर होता. मागून वडिलांचा, रवींद्रचा, आवाज आला. "अशुभ? चौदा एप्रिल? दे त्या जावयाला फोन!"

हर्षिताने फोन बंद केला.

सरला गॅस बंद करून बाहेर आली. रेल्वेतल्या नोकरीमुळे तिला कामापुरतं हिंदी येत होतं. "त्याला बोलू नकोस. मी करायला लावलं. चित्तिरैतला मुलगा बापाला गिळतो. हा चित्तिरैतला. तीन महिन्यांचा होता, तेव्हा ह्याचे अप्पा गेले."

"कशाने गेले, अम्मा?"

"स्कूटरवर होते. लॉरीने उडवलं."

"लॉरीवाल्याचा जन्म कुठल्या महिन्यातला होता?"

"हर्षिता!" श्रीराम उठला. "तुला माहीत नाही मी कसा वाढलो ते. कुणाच्याही लग्नात आत्या मला पुढे उभं राहू देत नव्हती. माझ्या बाळाला कुणी तसं म्हणू नये, म्हणून केला फोन."

"कोण म्हणणार? ह्या घरात आपण तिघं राहतो. म्हणणारी एकच आहे आणि तू तिचंच ऐकलंस." तिचा आवाज चढला नव्हता. "कोण कुठे जन्मलं, ह्यावरून माणसाची किंमत लावणारे लोक माझ्या आजोबांनी बघितले. त्यांना गावाच्या विहिरीवर येऊ देत नव्हते. ज्यांनी आम्हाला ह्यातून बाहेर काढलं, त्या बाबासाहेबांच्या जन्मतारखेला तू घाबरतोस? ज्यांनी तुला लहानपणी छळलं, राग त्यांच्यावर काढ. माझ्या पोटावर का काढतोस?"

"एकच महिना, हर्षिता. माहेरी जाऊन ये. मग आपण..."

"मी कुठेही जाणार नाही. आडीत नवराबायकोने वेगळं राहायचं ना? मग तू जा."

तासाभरात श्रीराम बॅग घेऊन मित्राकडे, अनुपकडे, गेला. त्यामुळे आडीच्या पहिल्या रात्री घरात सासू आणि सून दोघीच उरल्या. सरलाने सुनेच्या बंद दारापाशी आंबिलीचा वाडगा ठेवला. हर्षिताने तो ओलांडून पाणी आणलं आणि गोळी घेतली. शनिवारी आणि रविवारी दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. अहिल्याचे अकरा कॉल आले. हर्षिताने एकही उचलला नाही.

सोमवारी साडेअकराला श्रीरामची गाडी घरासमोर येऊन थांबली. तो उतरला नाही. सरला चप्पल घालून बाहेर गेली आणि त्याच्या शेजारच्या सीटवर बसली. हर्षिताला खिडकीतून दिसत होतं, दोघंही बोलत होते, एकमेकांचं बोलणं तोडत.

पावणेबाराला तिने क्लिनिकला फोन केला. नर्स म्हणाली, मिस्टरांचा अजून कॉल आलेला नाही आणि जागा बारापर्यंतच आहे. हर्षिताने त्या दिवशीची गोळी घेतली.